खंडेनवमीचे तीन तास दहा मिनिटं

०१.१०.२५ । माळ ते माळ । १०.२० ते १.३० । ३ तास १० मिनिटं । एकटी । शेरा: काही नाही

या ओळीवर नानासोचं बोट आलं आणि तिथंच चिकटलं.

खरं तर तो वही वाचायला बसलाच नव्हता. नुसती हातात धरायची, दोन पानं उलटायची आणि जिथल्या तिथं ठेवायची, एवढाच बेत. लेक दिवाळीला चार दिवस घरी आली होती. भाऊबीज कालच झाली. आज माया आईला घेऊन सांगलीच्या बाजारात गेली होती आणि तिच्या बॅगेतून ती निळी, लांबट, जाड पुठ्ठ्याची वही डोकावत होती. पायलटची वही. कुठल्या तारखेला उडाली, किती वेळ उडाली, कुणाबरोबर, सगळं हिच्यात लिहायचं. दोनशे तास भरले की लायसन. नानासोनं वहीला हात लावण्याआधी साबणानं हात धुतले. कुपवाडला तीन लेथ चालवणाऱ्या माणसाच्या हाताचं काळं साबणानं किती जाणार, तरी धुतले.

इंग्रजी त्याला बेताचं. पण आकडा? आकड्यात त्याची तीस वर्षं गेली होती, तीही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतच्या. शेवटच्या पानाच्या तळाला बेरीज होती, १८६ तास २५ मिनिटं. चौदाच राहिले की, म्हणत तो एकटाच हसला. मग एकेक तारीख बघत मागं मागं गेला. हे आकडे त्याला कुठंतरी बघितल्यासारखे वाटत होते. कुठं, ते आठवेना.

आणि खंडेनवमी आली.

०१.१०.२५, तेच तीन तास दहा मिनिटं, जसे झाले तसे

दहा वीसला नानासोची गाडी फाटकातून आत शिरली. कोरेगावच्या पलीकडचा उघडा माळ, त्यावर एक डांबरी पट्टी, पत्र्याचं हँगर, फ्लाइंग स्कूलचा रंग उडालेला बोर्ड. डिकीत कोहळा, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आपल्या लेथ त्यानं भल्या सकाळी पुजल्या होत्या. खंडेनवमीला कुपवाडात कुणी मशीनचं बटण दाबत नाही. वर्षभर राबलेलं लोखंड त्या दिवशी देव असतं, आणि देवाला कुणी कामाला जुंपतं का? ते हलायचं ते थेट दसऱ्याला. मग लेक ज्या मशीनवर बसून आभाळात जाते, तिलाच तेवढी पूजा नको?

दहा चाळीसला कॅप्टन धवल खो खो हसले. शाळेचे मुख्य तेच, पोरांना उडवायला शिकवणारेही तेच. "काका, विमानाला कोहळा? फोडा, फोडा. फक्त धावपट्टीवर फोडू नका, चाक घसरेल."

अकराला सुमंत इंजिनिअरनं विमानाचा पंखा पुसून दिला. वाईचा माणूस, मोजकं बोलणारा. पंख्याला माळ घातली. चाकांना घातली. आत, दोन सीटच्या पुढं काट्याकाट्यांची पाटी असते, तिला हळदीची पाच बोटं. नानासोनं मोबाइलवर फोटो काढला. आणखी एक काढला, कारण पहिल्यात त्याचा अंगठा आला होता.

बाराला नारळ फुटला. भार्गवी नावाची मायाची मैत्रीण निम्मं खोबरं एकटीच खाऊन गेली.

साडेबाराला सुमंत सगळ्या पोरांना म्हणाला, "आता उद्यापर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. काकांची पूजा मोडेल."

दीडला, म्हणजे वहीप्रमाणे माया आभाळातून खाली उतरत होती तेव्हा, ती बापासमोर मांडी घालून आईनं दिलेल्या कडाकण्या मोडून मोडून खात होती.

उडणारं विमान एकच होतं. दुसरं हँगरच्या मागं इंजिन काढून उभं, त्याच्या पंखावर पारवे बसलेले.

कुठून: बाजारातून. कुठे: घरी

"आण्णा, आईनं चाळीस दुकानं फिरवली मला. एक साडी घेतली, ती बी पयल्याच दुकानातली," माया दारातून ओरडत आली.

वही बॅगेत परत गेली होती. नानासोनं आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला.

"माया, नवमीला मी निघून गेल्यावर तू उडलीस का गं?"

"कशी उडणार? तुमीच पंख्याला माळ घालून गेलासा. सुमंत सरांनी कुणाला जवळ फिरकू दिलं न्हाई." ती हसली. "पोरं अजून मला कोहळा म्हणून हाक मारत्यात."

हसली आणि पाणी प्यायला आत गेली. खोटं बोलणारं माणूस असं हसतं? की वहीत काय लिहिलंय तेच तिच्या ध्यानात नव्हतं? अक्षर तर तिचंच. साताच्या पोटात आडवी रेघ मारायची तिची शाळेपासूनची खोड.

जेवताना तिनं बातमी सांगितली. पुढच्या आठवड्यात शनिवारी मोठी फेरी. एकटीनं जायचं, दोन परक्या विमानतळांवर उतरायचं, तिथल्या माणसाचा सहीशिक्का घ्यायचा आणि माघारी यायचं. साडेपाचशे किलोमीटर. ती झाल्याशिवाय लायसन नाही.

"ह्याच्या आदी लांब गेलीयास का एकटी?" नानासोनं विचारलं.

"वहीत तीन फेऱ्या हायत."

त्याचा घास हातातच राहिला. गेलेय म्हणाली नाही. वहीत हायत, म्हणाली.

"आवं," मायाची आई शालन भाकरी वाढता वाढता म्हणाली, "पोरीकडं असं काय बघताय? सोयरीक जुळवाय आलेल्या पावण्यावाणी?"

न विचारलेले

नवमीला उडाली नाहीस, मग तीन तास दहा मिनिटं आली कुठून. नवमी एकच खोटी, की माझ्या नजरेला नवमीच तेवढी सापडली. खाली सही आहे ती धवल साहेबांची. त्यांनी बघून केली की न बघता. तू स्वतः लिहिलंस की कुणी सांगितलं. कुणी सांगितलं असलं तर तुला एकटीलाच सांगितलं का. तुझ्या आईला माहीत आहे का. त्या तीन फेऱ्या, माया. त्या तीन फेऱ्यांच्या दिवशी तू फोनवर काय म्हणाली होतीस, ते मला आता आठवत का नाही.

रविवारी लेक परत गेली. एसटीत बसवताना त्यानं नेहमीसारखी तिच्या डोक्यावर टपली मारली. कारखान्यातला कामगार पप्पू सोमवारी सकाळी म्हणाला, "मालक, तुमी तिसऱ्यांदा त्योच जॉब मोजताय." नानासोनं व्हर्नियर खाली ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

२७.१०.२५ । कुपवाड ते माळ । अडीच तास । एकटा

पलूस मागं पडलं, कऱ्हाड मागं पडलं. रहिमतपूरला चहाला थांबला आणि चहा न पिताच निघाला.

सुमंत विमानाच्या नाकाडाचा पत्रा उघडून आत वाकला होता.

"पोरीला भेटायला?"

"तुमाला भेटाय आलोय."

सुमंतनं पाना पुसला. मग पुसलेलाच पाना पुन्हा पुसला. नानासोनं ते बघितलं. ज्याच्या पोटात काही नाही तो पाना एकदाच पुसतो.

"इंजिनिअरसाहेब, आमच्या लेथला जसा टाइम मीटर असतो, तसा ह्या इंजिनाला बी असंल न्हवं? किती तास फिरलं त्ये दावणारा?"

"असतो."

"त्यो कुणाला फिरवता येतो का मागंफुडं?"

"तो फक्त इंजिन फिरलं की फिरतो." सुमंत पुन्हा इंजिनावर वाकला. "मी मीटर बघतो, नानासो. मीटरप्रमाणे तेल बदलतो, मीटरप्रमाणे सुटे भाग बदलतो. माझं काम चोख आहे. पोरांच्या वह्या माझ्याकडे येत नाहीत."

"मी इचारलं न्हाई वह्यांचं."

सुमंतनं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मी जरा हात धुऊन येतो. दहा मिनिटं लागतील." आणि हात स्वच्छ असताना तो हँगरच्या बाहेर गेला.

नानासो विमानात चढला. दहा मिनिटं कशाला, दोनच लागली. हळदीची बोटं पुसली गेली होती, पण एका काट्याच्या कडेला पिवळं अजून होतं. त्याच्या खाली छोट्या खिडकीत आकडे: २३२१.९. नानासोनं मोबाइलमधला नवमीचा फोटो उघडला. अंगठा नसलेला. बोटांनी मोठा केला. झेंडूची पाकळी, हळद आणि तीच खिडकी: २३१४.६.

वजाबाकी त्यानं तोंडीच केली. नवमीपासून आजपर्यंत हे विमान सात तास अठरा मिनिटं चाललं होतं. शाळेत पोरं सहा. सहा जणांत मिळून सात तास. आणि एकट्या मायाच्या वहीत नवमीपासून दिवाळीपर्यंत सव्वीस तास चाळीस मिनिटं.

त्यानं दोनदा उतरून बघितलं, दोनदा चढून बघितलं. आकडा तोच. त्या खिडकीचा आजचाही एक फोटो त्यानं काढून घेतला.

माया

फाटकाबाहेरच्या टपरीवर ती समोर बसली. त्यानं मोबाइल पुढं सरकवला. तिनं फोटो बघितला, बापाकडं बघितलं, आणि नाटक करायच्या भानगडीत पडली नाही. तेवढं तिचं चांगलं होतं.

"खरं किती?" नानासोनं विचारलं.

"एकशे चार. नायतर एकशे सहा."

"नायतर?"

"माझं मलाच आता कळंना, आण्णा. काही दिवस उडाले हुते का न्हवते, ते वही बघूनच आठवतंय."

टपरीवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. कुणी उचलले नाहीत.

"इमान महिन्यातनं चार दिवस चालू," ती म्हणाली. "बाकी दिवस आमी सहा जण खुर्च्यांवर बसून. दीड वर्साचा कोर्स, तीन वर्सं झाली. मग सर म्हणाले, वही तरी भरत राहा."

"एकटी लांब किती वेळा गेलीस?"

"गेले न्हाई. पट्टी नजरंआड हुईपर्यंत बी कवा एकटी गेले न्हाई."

"मग शनवारी जायाचं न्हाई. सांग सरास्नी, मला जमत न्हाई म्हणून."

"सांगू कसं?" आता तिचा आवाज फाटला. "एकशे श्याऐंशी तास झालेली पोर, तीन फेऱ्या केलेली पोर, मला भ्या वाटतंय म्हणली तर कोण बी इचारंल, मग ह्ये तास केलं कुणी? भ्यायची बी सोय ऱ्हायली न्हाई, आण्णा. वही माझ्या पुढं जाऊन बसलीया."

"धवल साहेबानं शिकवलं ह्ये तुला?"

"लिवाय त्यांनी सांगितलं." ती टेबलाकडं बघत म्हणाली. "शिकवलं तुमी."

"मी?"

"अकरावीत हुते. पंपाच्या बुशचा लॉट जायाचा हुता. पन्नास नगांच्या मापाचा रिपोर्ट. तुमी म्हणलासा, पाच मोज, बाकीचं मनानं लिव. पर समदं एकसारखं लिवू नगंस, शंका येती. एकात दोन वाढव, एकात एक कमी कर. दोन वर्सं मीच लिवत हुते की तुमचं रिपोर्ट. कवा एक बी लॉट माघारी आला न्हाई. तुमी मला पेढं दिलतं."

वहीतल्या ओळी त्याच्या डोळ्यांपुढं आल्या. एक तास दहा. एक तास पाच. एक तास पंधरा. एक तास दहा. आता नानासोला आठवलं, ते आकडे कुठं बघितले होते.

त्यानं चहाचे पैसे टेबलावर ठेवले.  माया उठली. जाताना म्हणाली, "कुणाला सांगू नगा. मी एकटीच न्हाई बुडायची त्यात. भार्गवी, समदी."

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार

बुशचं जग आणि विमानाचं जग एक नाही, असं तो मनाला सांगत राहिला. बुश ढिला बसला तर पंप गळतो. फार तर पंप बंद पडतो, कुणीतरी शिव्या देतं.

त्याला विचार सुचला तो बुधवारी, पप्पूला गेज देताना. गेज म्हणजे पोलादाचा तुकडा. जॉब त्याच्यावर बसला तर पास, न बसला तर भंगार. पण गेजच चुकीचा घासलेला असला तर? मग सगळेच जॉब बसतात, आणि सगळेच भंगार असतात, आणि कुणालाच पत्ता नसतो. धवल साहेबांना विमान कुणी शिकवलं? त्यांची वही कुणी बघितली? पोरं त्यांच्यावरून मापून निघतात. ते कशावरून मापून निघाले?

शालननं दोनदा विचारलं. त्यानं दोनदा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिलाही आता त्याचा संशय यायला लागला होता.

०१.११.२५ । माळ ते

आठ वाजता विमान उन्हात उभं होतं, टाकी भरलेली. सुमंतनं कागदावर सही केली होती. विमानात काही खोट नव्हतीच. माया ऑफिसबाहेर नकाशाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. बापाला बघून तिनं मान फिरवली. भार्गवी आणि बाकीची चौघं पायरीवर.

नानासो थेट धवलच्या खोलीत गेला. दार उघडंच राहिलं. त्यानं दोन्ही फोटो टेबलावर दाखवले, नवमीचा आणि सोमवारचा.

धवलनं बघितले. चिडला नाही. "बसा काका. चहा?"

"पोरगी एकटी कवाच गेली न्हाई, साहेब. आज तिला पाठवू नगा."

"माया माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी आहे. आकाश मोकळं आहे, रेडिओवर मी आहे. हे तास-बीस म्हणजे काका, कागद. हात बसला की झालं. जगात सगळीकडे हेच चालतं. मी स्वतः असाच..."

त्यानं टेबलावरचा पेन सरळ केला.

"असाच काय, साहेब?"

"असाच शिकलो, म्हणजे अडचणींतून."

"तुमचं किती तास झालं म्हणलासा?"

"अडीच हजार."

"मी वहीतलं न्हाई इचारत."

धवलनं खिडकीतून विमानाकडं बघितलं.  आणि तेवढ्यात नानासोला कळलं की दारात कुणीतरी उभं आहे.

माया होती. नकाशा हातात.

"सर," ती म्हणाली. त्यांच्याशी ती नेहमी शुद्ध, पुस्तकी बोलायची. आज तिला ते सुचलं नाही. "मग मला शिकवलं कुणी?"

"माया, वेळ होतोय. विमानाकडे चल."

"मी जात न्हाई. माझ्या तिन्ही फेऱ्या खोट्या हायत. तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. मला एकटीला येत न्हाई." आणि मग बाहेरच्या पायरीकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मला येत न्हाई."

नानासो तिच्यापाशी गेला. पोर वाचली. लायसन गेलं, तीन वर्षं गेली, पोर वाचली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिनं तो झटकला नाही. आता गाडीत बसायचं आणि कुपवाड गाठायचं.

"ठीक आहे," धवल बाहेर येत म्हणाला. आवाज तसाच गोड. "कुणाला भीती वाटत असेल तर जबरदस्ती नाही. पण आजची परवानगी मिळायला दीड महिना गेलाय, विमान रिकामं ठेवता येणार नाही. भार्गवी, तुझे किती झाले?"

भार्गवी उभी राहिली. "एकशे ब्याऐंशी, सर."

"फेऱ्या?"

ती मायाकडं बघत होती. "तीन."

"मग तू जा. नाव बदलून कळवतो मी."

मायानं नकाशाची आणखी एक घडी घातली. स्वतःचं सांगणं निराळं, मैत्रिणीचं निराळं. सुमंत पाना पुसत होता. पायरीवरची पोरं आपापल्या बुटांकडं बघत होती. कुणास ठाऊक, भार्गवी नाही म्हणाली तर पुढं आपलं नाव येईल. भार्गवीनं गळ्यात हेडफोन अडकवला आणि उन्हात चालायला लागली, शाळेत फळ्याकडं बोलावलेल्या पोरीसारखी.

गाडीची किल्ली नानासोच्या हातात होती. तो तिच्या मागं गेला. पळतच गेला.

"पोरी, थांब. तुझं वडील काय करत्यात?"

"शिक्षक होते. आता घरीच असतात, वाईला."

"त्यास्नी ठावं हाय आज तू चाललीयास ते?"

"नाही. माझं आत्ताच ठरलं ना."

"मग फोन लाव. आधी फोन, मग जा. बापाला सांगून जायाला काय हुतंय?"

"काका, प्लीज, तुम्ही मध्ये पडू नका," धवल मागून ओरडला. पहिल्यांदाच गोडी गेली होती.

भार्गवीनं फोन लावला. स्पीकरवर घंटी वाजत राहिली, चार वेळा, पाच वेळा. मग एक खणखणीत म्हातारा आवाज: "हं, बोल गं बाळ."

नानासोनं तिच्या हातातून फोन घेतला.

"मास्तर, रामराम. मी मायाचा बाप, नानासो, कुपवाडचा. पोर खुशाल हाय, माझ्यासमोरच हाय. एकच इचारायचंय. तिची उडायची वही तुमी कवा बघितलीया?"

"म्हणजे काय? दिवाळीत पूर्ण बघितली," मास्तरांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "फार नीटनेटकी आहे हो. एवढी पानं, पण एकही खाडाखोड नाही. का?"

धवल जवळ येऊन हात पुढं करून उभा होता, फोन द्या म्हणून. नानासोनं त्याच्याकडं पाठ फिरवली.

"खाली बसा, मास्तर," तो म्हणाला. "बसून ऐका. आणि मी सांगतोय तवर पोरीला इमानात बसू नगो म्हणून तेवढं तुमच्या तोंडानं सांगा. माझं ती ऐकायची न्हाई."

"भार्गवी?" फोनमधून आवाज आला. आता त्यात अभिमान नव्हता. "भार्गवी, काय आहे हे?"

भार्गवीनं गळ्यातला हेडफोन काढला आणि तो कुणाला द्यायचा हे न कळून नुसताच हातात धरून उभी राहिली.